काळ्या वडीचं काऊन

जगात उत्तरं देणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पण नुसते प्रश्न विचारून अख्ख्या तालुक्याला दमवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात जन्माला आला. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची. गाव त्यांना तोंडावर 'सर' म्हणायचं आणि पाठीमागे 'काऊन सर'. उरलेला महाराष्ट्र जिथे 'का' म्हणून मोकळा होतो, तिथे आम्ही वऱ्हाडातले 'काऊन' म्हणतो. 'का' उच्चारता उच्चारताच संपतो. 'काऊन' संपत नाही; त्यातला शेवटचा न नाकात घुमत राहतो आणि समोरच्याला काहीतरी बोलल्याशिवाय उठता येत नाही. भाऊजींनी या एका शब्दावर आयुष्य काढलं. परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, छोटे आजोबा एक्झॅक्टली काय करायचे गं?" मी म्हटलं, "संशोधन." फोन ठेवल्यावर वाटलं, हे म्हणजे पोळीबद्दल विचारलं तर 'गहू' म्हणून सांगण्यासारखं झालं. म्हणून आता सगळं क्रमाने लिहून काढते.

भाऊजी चिखलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि रोज अमडापूरहून एसटीने जायचे-यायचे. चिखलीत खोली घ्या, असं मी त्यांना कितीदा तरी सुचवलं. "काऊन?" ते विचारायचे. मी म्हणायची, दगदग वाचेल. "वाचलेल्या दगदगीचं काय करू?" असं म्हणून ते एसटी गाठायला निघायचे. वर्गात ते घरच्यासारखंच बोलायचे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की विज्ञान शिकवताना भाषा जरा शुद्ध असावी. भाऊजी अगदी मनापासून म्हणाले, "काऊन? इलेक्ट्रॉनले समजत नाही का?" त्यांच्या बोलण्यात खोच कधीच नसायची, आणि लोकांना नेमकं तेच सहन व्हायचं नाही. नांदुऱ्याला आम्ही त्यांच्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. सरकी-कापसाचे व्यापारी, मोठं घर, पोहे झाले, चहा झाला. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं तिच्या वडिलांनी म्हटल्यावर भाऊजींनी विचारलं, "तुमाले लग्न काऊन करायचं हाय?" मुलगी बिचारी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मले बी माहीत नाही." भाऊजी खूश झाले. परतीच्या वाटेवर म्हणाले, "वहिनी, पोरगी लय प्रामाणिक हाय." तोवर तिकडे वडिलांनी नकाराचा निरोप धाडायचं ठरवून टाकलं होतं. त्यानंतर भाऊजींनी लग्नाचा विषय घरात काढू दिला नाही.

ज्याचं काऊन सुटलं, त्यात मात्र त्यांचा जीव रमत नसे. पाहुणे आले की आम्ही त्यांना लोणारचं सरोवर दाखवायला न्यायचो. भाऊजी कधीच बरोबर आले नाहीत. "वरून दगड पडला, खड्डा झाला. सुटलं त्याचं काऊन. पानी पाह्याले एवढ्या दूर काऊन जावं?" असं म्हणून ते ओट्यावर बसून राहायचे. जिल्ह्यातलं सगळ्यात नावाजलेलं आश्चर्य त्यांनी असं एका वाक्यात निकालात काढलं, आणि मग एक काळा, ठिसूळ, खापरासारखा पदार्थ त्यांच्या आयुष्यात आला.

तारेतून वीज जाते तेव्हा ती वाटेत थोडी वाया जाते, तार तापते. काही धातू अतोनात गार केले तर ही गळती पार थांबते, आणि ती का थांबते हे शास्त्रज्ञांना उमगलेलं होतं: तेव्हा इलेक्ट्रॉन जोडीजोडीने, कशाला न धडकता चालतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बातमी आली, की तांबं आणि ऑक्सिजन पोटात असलेला एक काळा पदार्थ आहे. त्याला तेवढी भयंकर थंडीही लागत नाही, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतच त्याची गळती थांबते. थांबते, हे सगळ्यांनी पाहिलं. का थांबते, हे कोणालाच सांगता येईना. जगातले मोठमोठे लोक या प्रश्नामागे लागले, आणि अमडापूरहून आमचे भाऊजी लागले. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. मला ते समजावं म्हणून त्यांनी फार कष्ट घेतले. त्या पदार्थाची मूळ जात तर वीज अजिबात न नेणारी. त्यातले थोडेसे इलेक्ट्रॉन काढून घेतले की मात्र वीज धावायला लागते. "वहिनी, बाजाराच्या दिवसाची एसटी आठवा," ते म्हणायचे. "मानसं एवढी कोंबलेली की कोनीच हालू शकत नाही. आता त्यातून दोघंतिघं उतरवा. सारी गाडी हालाले लागते का नाही?" मला पटलं. पण मला पटून त्यांचं समाधान झालं नाही. पुढच्याच बाजारी भरलेल्या गाडीत त्यांनी कंडक्टरला गळ घातली, की प्रयोगापुरतं दोघातिघांना खाली उतरव. कंडक्टर घामाघूम झालेला. तो म्हणाला, "सर, तुमीच उतरा ना बावा." भाऊजी उतरले. गाडी निघून गेली. बऱ्याच उशिराने ते घरी आले ते पायी, धुळीने माखलेले आणि आनंदाने फुललेले. "मी उतरलो आनि गाडी आतून हालली, वहिनी. खिडकीतून दिसलं मले." जेवायला बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. घास हातात धरून म्हणाले, "पन हे अर्धंच झालं. हालतील, हे समजलं. मंग ते जोडीजोडीनं, कोनाले धक्का न लावता काऊन चालतील? एसटीत?" तुमचे आजोबा म्हणाले, "आधी जेव बे." या प्रश्नावर आमच्या घरातून विज्ञानाला झालेली मदत एवढीच.

त्या पदार्थाच्या ते टिकल्या बनवायचे. त्यांचा शब्द 'पेलेट'. मी वडी म्हणायची, आणि माझा शब्द जास्त बरोबर होता, कारण तिची सगळी कृती माझ्या स्वयंपाकघरातली होती. तीन पावडरी मोजून घ्यायच्या, तासन्‌तास खलायच्या, थापायच्या, भाजायच्या, परत कुटून परत थापायच्या. माझा दगडी खल यात गेला. त्यातली एक पावडर विषारी असते, हे त्यांनी मला खल धुऊन परत देताना सांगितलं. मी तो तसाच उचलून अंगणात नेऊन ठेवला आणि नवा आणला. वडीला तारा जोडायला चांदीचा लेप लागतो. तो मिळेना तेव्हा त्यांनी मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख आणला आणि चार जागी चिकटवला. तयार वडीला ओलावा चालत नाही, म्हणून ती माझ्या तांदळाच्या डब्यात राहायची. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी तांदूळ काढायला डबा उघडला आणि वर्ख लावलेली ती काळी वडी पाहून मला म्हणाल्या, "मायबाई, तुमच्याकडची बर्फी लय जळली हो." 

भट्टी त्यांनी स्वतः बांधली, ती बैलांच्या गोठ्यात. एका अंगाला बैलजोडी, दुसऱ्या अंगाला भट्टी. ती लावली की गल्लीतले दिवे मंद व्हायचे आणि लोक ओरडायचे, "सरांनी वडी टाकली रे." पण भट्टीचा खरा शत्रू होता भारनियमन. वडी भाजून झाल्यावर अगदी सावकाश गार करावी लागते, म्हणजे तिला हवा तेवढा ऑक्सिजन आत घेता येतो. आमच्याकडे वीज जायची तेव्हा सावकाश जात नसे. वीज कोणत्याही अडथळ्याविना कशी धावते, हे शोधायला बसलेल्या माणसाच्या गावात वीजच नसायची. मी हे बोलून दाखवलं की भाऊजी हसायचे नाहीत. "हाव ना," एवढंच म्हणायचे आणि गार पडलेल्या भट्टीवर हात ठेवून बसायचे.

आता उरला नायट्रोजन. तो अमडापुरात कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. तो आमच्या गुरांच्या दवाखान्यात असतो. गायी भरवायच्या कांड्या, म्हणजे चांगल्या वळूचं बीज भरलेल्या बारीक नळ्या, त्या द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात गोठवून ठेवतात. डब्याची जबाबदारी रहीमभाईंकडे होती. ते दवाखान्यातले ड्रेसर, म्हणजे गुरांची मलमपट्टी करणारे. त्यांचे वडील पिंजारी होते, हे स्वतः गुरांत रमले. डबा भरायला जिल्ह्याहून येणाऱ्या गाडीची पाळी जवळ आली की डब्यात तळाला उरलेलं ते भाऊजींना द्यायचे. "घ्या सर, खालचा माल," म्हणायचे. भाऊजी तो चहाच्या थर्मासात घ्यायचे. त्याचं झाकण घट्ट लावायचं नसतं. कॉलेजात न्यायचा असला की उघडा, वाफाळणारा थर्मास मांडीवर धरून ते एसटीत बसायचे, आणि शेजारचा माणूस म्हणायचा, "सर, च्या लय गरम दिसते." भाऊजी म्हणायचे, "गरम नाही, थंड हाय." मग उरलेल्या प्रवासात तो माणूस खिडकीबाहेर पाहायचा. सदानकदा दवाखान्यात दिसतात म्हणून लोकांनी त्यांना गुरांचे मोठे डॉक्टर ठरवून टाकलं होतं. "सर, म्हैस माजावर नाही येऊन राह्यली." "काऊन?" "आता ते तर तुमाले इचारून राह्यलो ना." असे संवाद आमच्या दारात कायम चालायचे.

मला मात्र त्यांनी एकदा वडीची करामत दाखवली. खलावरून मी रागावलेली होते. अंगणात थर्माकोलच्या तुकड्यात वडी ठेवली, वरून नायट्रोजन ओतला, धुराचा लोट आला, आणि त्यांनी तुरीच्या डाळीएवढं लोहचुंबक चिमटीने वडीच्या वर सोडलं. ते पडलं नाही. हवेतच राहिलं, आणि बोटाने टिचकी मारल्यावर गोल गोल फिरायला लागलं. शेजारची कौसाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. ती म्हणाली, "हे तं उडलं, सर. काऊन?" भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू नांदुऱ्याच्या त्या मुलीनंतर आजच कोणीतरी समजूतदार भेटलं होतं. "मले माहीत नाही, कौसाबाई," ते म्हणाले. "तेच पाहून राह्यलो."

मग ती भारनियमनाची वडी झाली. भट्टी गार होत असताना वीज गेली, आली, परत गेली, आणि अशा गचक्यांतून निघालेली ही एक वडी. भाऊजींनी ती तारा जोडून थर्मासावर टांगली. अजून नायट्रोजनमध्ये बुडवलीही नव्हती, नुसत्या वाफेत होती, आणि मीटरचा काटा झटकन शून्यावर आला. फार लवकर. जगातल्या कोणत्याही वडीचा काटा इतक्या थोड्या थंडीत शून्यावर आलेला त्यांना ठाऊक नव्हता. दुपारची वेळ होती, मी दळण निवडत बसले होते. ते आत आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "वहिनी, एक तं हे लय मोठं हाय, नाही तं वर्ख सुटला." वर्खाची तार निसटली तरी काटा शून्यावरच येतो. खरं काय, ते सांगायला काट्याला तोंड नव्हतं.

त्यांनी वडीचे दोन तुकडे केले. एक तुकडा डबीत घालून नांदुऱ्याहून रेल्वेने दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत स्वतः घेऊन गेले. तिथल्या लोकांनी चांगलं वागवलं, मोजून दिलं. काटा सगळ्या वड्यांचा येतो तिथेच आला, आधी नाही. "तुमचा कॉन्टॅक्ट लूज असेल," असं ते सौजन्याने म्हणाले. तुमचे आजोबा स्टेशनवर आणायला गेले होते. भाऊजी गाडीतून उतरताना म्हणाले, "दादा, तो अर्धा वेगळा, हा अर्धा वेगळा. ऑक्सिजन साऱ्या वडीत सारखा कोठी जाते?" यात तथ्य होतं की हट्ट होता, हे मला आजही सांगता येणार नाही. उरलेला अर्धा तुकडा त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवला. गार-गरम करताना वडी तडकते. हा तुकडा एकदाच मोजायचा, तोही हात पक्का बसल्यावर, असं त्यांनी ठरवलं. तोवर तशीच दुसरी वडी जमवायच्या खटपटीत ते लागले. त्यासाठी त्यांना विजेचे तेच गचके तसेच्या तसे हवे होते. ते लाइनमनला जाऊन विचारायचे, "त्या दिवशी गेली होती तशी जाईन का?" लाइनमनने बदली मागून घेतली, ती याच कारणाने असं गाव म्हणतं, मला ते पटत नाही.

अशात बीटी कापूस आला. पहिली वर्षं तुम्ही पाहायला हवी होती. बोंडं अशी फुटली, की शिवारात चालताना डोळे दिपायचे. तुमच्या आजोबांनी सगळ्या वावरात कापूस पेरला, ज्वारी बंद केली. सगळ्यांनीच केली. मग हळूहळू पिकाची रया गेली. कधी पाऊस दडी मारायचा, कधी पानं लाल पडायची, आणि पुढे पुढे, जी अळी येणारच नाही म्हणून बियाणं घेतलं, तीच बोंडाच्या आत बसलेली सापडायला लागली. गावात बैठका व्हायच्या. बियाणंवाले यायचे, साहेब यायचे, आणि सगळ्यांकडे उत्तरं असायची. एका बैठकीत लोकांनी भाऊजींनाच उभं केलं. "सर, तुमी एवढे शिकलेले. सांगा, अळी काऊन आली?" भाऊजी म्हणाले, "मले माहीत नाही. मी पिकाचा मानूस नाही." कोणीतरी मागून बोललं, "मंग तुमचा फायदा काय बे आमाले?" ते हसण्यावारी गेलं, पण भाऊजी घरी येऊन जेवले नाहीत.

त्या वर्षांत आमच्या भागातून कशा बातम्या यायच्या, ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचलं आहे. भाऊजींचा एक जुना विद्यार्थी गेला. कॉलेज संपवून शेतीत आलेला, हसरा मुलगा होता. कसा गेला, ते मी लिहीत नाही. आम्ही त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा अंगणात बसलेला प्रत्येक जण तेच विचारत होता: काऊन केलं असं, काऊन नाही सांगितलं कोणाला. त्याची आई एकेकाकडे पाहत होती. सगळ्या अंगणात तो शब्द न उच्चारणारे भाऊजी एकटेच होते. परतताना तेच म्हणाले, "वहिनी, एखादं काऊन असं असते, का ते इचारलं तं ऐकनाराचा जीव जाते." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात तो शब्द ऐकू आला नाही. घर अगदी शांत होतं आणि मला ते शांत घर सहन होत नव्हतं.

हळूहळू गावातली गुरं कमी झाली. आमची बैलजोडीही तुमच्या आजोबांनी विकली. ज्या दिवशी बैल गेले, त्या दिवशी भाऊजींनी गोठा झाडला आणि भट्टी मधोमध सरकवली. त्यांची प्रयोगशाळा मोठी झाली, ती अशी. आणि मग एका सकाळी रहीमभाई दारात आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. "सर, हा आखरी भरणा समजा. आता गाडी नाही येत. गायीच नाही राह्यल्या तं भरवावं कोनाले? डबा जिल्ह्याले वापस मागून राह्यले." तोवर भाऊजी रिटायर झालेले. चिखलीच्या दवाखान्यात त्यांनी विचारून पाहिलं. तिथले नवे साहेब म्हणाले, हा नायट्रोजन गुरांसाठी आहे, प्रोफेसरांसाठी नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे रहीमभाईंच्या डब्यात उरलं होतं तेवढंच. भाऊजींनी तांदळाच्या डब्यातून अर्धी वडी काढली, नवा वर्ख चिकटवला. आता मोजायचीच होती.

पण डब्यात एक कांडी शिल्लक होती, आणि गावात कौसाबाईची गाय शिल्लक होती. कौसाबाई एकटी, त्या एका गायीच्या दुधावर तिचं घर चालायचं आणि गाय आटलेली. ती माजावर आली की भरवायची, हे रहीमभाईंनी कबूल केलेलं. नायट्रोजन काढून घेतला तर कांडी मरणार. ठेवला तर तो रोज थोडा थोडा उडून जाणार. म्हणून भाऊजी गायीची वाट पाहायला लागले. गाय लवकर माजावर आली तर उरलेला नायट्रोजन त्यांचा. रोज सकाळी हा माणूस हातात तांब्या घेऊन कुंपणापाशी जायचा आणि गायीला विचारायचा, "काय इचार हाय मंग?" गाय रवंथ करायची. कौसाबाईला वाटायचं, सरांना गायीची काळजी आहे. ती मला म्हणाली, "लय मायाळू मानूस हाय." मग ते दवाखान्यात जायचे. रहीमभाई डब्यात लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढायचे; जिथवर पट्टीवर पांढरं दव चढेल तिथवर नायट्रोजन. दव रोज खाली सरकत होतं.

एक दिवस मी चिवडा द्यायला म्हणून दवाखान्यात गेले होते. रहीमभाईंनी पट्टी भाऊजींसमोर धरली. "सर, आज घ्याल तं तुमचं काम होईन. उद्या नाही होनार. गाय तं काही येत नाही, कसम से. घेऊन जा. मी कौसाबाईले सांगतो, कांडी खराब निंगाली." भाऊजींनी थर्मास आणलेलाच होता. त्याचं झाकण उघडलेलं होतं. ते थर्मासाच्या आत पाहत राहिले, जणू त्यात काही आहे. मग झाकण लावलं, अगदी घट्ट. "खोटं काऊन बोलता, रहीमभाई," ते म्हणाले. "येईन ते. थांबू."

गाय माजावर आली, ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पहाटे हंबरत. रहीमभाईंनी कांडी काढली तेव्हा डब्याच्या तळाशी नुसती वाफ होती. काम झालं. डबा जिल्ह्याला परत गेला. कौसाबाईने गूळ वाटला, आणि भाऊजींनी तो खाल्ला.

त्याच आठवड्यात कधीतरी जेवताना ते एकदम म्हणाले, "वहिनी, एक काऊन सुटलं." माझ्या हातातला उलथणा थांबला. मला वाटलं, त्या काळ्या वडीचं. ते बोटांवर मोजत म्हणाले, "नायट्रोजन काऊन नाही? गायी नाही म्हनून. गायी काऊन नाही? कडबा नाही म्हनून. कडबा काऊन नाही? ज्वारी नाही म्हनून. ज्वारी काऊन नाही? साऱ्या वावरात कापूस हाय म्हनून. कापूस काऊन..." इथे त्यांनी मान वर केली. समोर तुमचे आजोबा जेवत होते. भाऊजी थांबले. "वरण वाढा," म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना काऊन अर्धं सोडताना तेव्हाच पाहिलं.

पुढच्या हंगामात तुमच्या आजोबांनी रस्त्याकडेच्या तुकड्यात ज्वारी पेरली. सगळ्या शिवारात तेवढीच ज्वारी, म्हणून सगळ्या शिवाराची पाखरं आमच्याकडे. डबे वाजवून आमचे हात दुखले, आणि पाखरांनी कणसं अशी साफ केली की ज्वारीची ताटं दाढी केल्यासारखी दिसायला लागली. दाणा घरात आला नाही. पण पाखरं कडबा खात नाहीत. तो सगळा कडबा तुमच्या आजोबांनी कौसाबाईच्या गोठ्यात नेऊन टाकला आणि तिने विचारलं तेव्हा म्हणाले, जागा अडवून राह्यला होता.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अर्धी वडी अजून माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. हवेतला ओलावा वडीला खातो आणि शेवटी नुसतं खापर उरतं, हे त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. तुमच्यातला मोठा म्हणतो, आमच्या युनिव्हर्सिटीत नायट्रोजन नळासारखा मिळतो, पाठवून दे. त्या काळ्या पदार्थाचं काऊन जगाला अजून पुरतं सुटलेलं नाही, असंही तोच सांगतो. पाठवायची की नाही, ते मी ठरवलेलं नाही. तांदूळ काढताना ती हाताला लागते आणि मी ती परत खाली दाबून ठेवते.

कौसाबाई आता वाकली आहे, पण दूध तीच आणते. त्या गायीला कालवड झाली, त्या कालवडीलाही झाली, घर चालतं. कधीमधी दूध मापता मापता तिला अंगणातली ती दुपार आठवते. "वयनी," ती विचारते, "सरांचं ते मंग परत कधी उडलं का नाही?"

"नाही," मी म्हणते.

"काऊन?"

"मले माहीत नाही, कौसाबाई."

भाऊजी जन्मभर हेच वाक्य बोलले आणि त्यांच्या तोंडी ते नेहमी खरं असायचं. माझ्या तोंडी ते खरं नसतं. कौसाबाई मान हलवते, मापावर थोडं दूध जास्तीचं ओतते आणि गायीच्या नातीला हाका मारत कुंपणापलीकडे निघून जाते.